अँड्रोपॉजला मराठीत काय म्हणावं?

एका आरोग्यविषयक लेखाचं मुद्रितशोधन करतेय. त्यात अँड्रोपॉजला, म्हणजे वयाबरोबर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन घटण्याला, चक्क 'पुरुषांची रजोनिवृत्ती' म्हटलंय. पुरुषांना रज कुठलं? खोडून 'पौरुषनिवृत्ती' केलं, तर नवरा वाचून म्हणतो, "म्हणजे मी उद्यापासून रिटायर?" दुसरं काही सुचतंय का?

— घोळ मेनोपॉजपासूनच आहे. त्यातलं 'मेन' म्हणजे ग्रीकमधला महिना, इंग्रजीतले पुरुष नव्हेत. त्याच साच्यात 'अँड्रो', म्हणजे पुरुष, बसवून हा शब्द पाडला. पण थांबतं काय? बाईची पाळी जाते, ते कळतं. पुरुषाचं तसं काहीच जात नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण १ टक्क्याने घटतं, आणि सत्तरीतही बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू असतात. डॉक्टरही 'लेट ऑनसेट हायपोगोनॅडिझम' (उतारवयात वृषणांचं काम मंदावणं) म्हणणं पसंत करतात, तेही लक्षणं आणि रक्तातलं प्रमाण दोन्ही जुळलं तरच. तेव्हा 'निवृत्ती' बाद.

— मग 'संप्रेरक-ओहोटी'? संप्रेरक हा शब्द फार नेटका आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हॉर्मोन' वापरला तो ग्रीकमधल्या 'चेतवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्याकडे 'प्रेरणे' त्याच्या अगदी जवळ जातं.

— अहो, ओहोटीनंतर भरती येते! आम्हा रत्नागिरीकरांना तो शब्द फसवा वाटेल. अर्थात टेस्टोस्टेरॉनची रोजची भरती-ओहोटी असतेच. वडिलांची तपासणी करायची होती तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, 'सकाळी दहाच्या आत रक्त द्या', कारण पहाटे-सकाळी ते वर असतं. म्हणजे ओहोटी हा शब्द दिवसाला लागू, वयाला नाही.

— 'संप्रेरक-उतार'? उतारवय आहेच की.

— पण आजाऱ्याला 'उतार पडला' म्हणजे तो बरा होतोय! 'ओसरणं' बघा. पाऊस ओसरतो, उत्साह ओसरतो. हळूहळू, तारीख न सांगता.

— बोलीत यावर शब्द कसा नाही? चष्मा लागला तर 'चाळिशी' म्हणतो आपण.

— आहे ना, 'म्हातारचळ'! पण तो नेमका उलट तक्रारीसाठी.

— आभार मंडळी. मजकुरात 'वयपरत्वे टेस्टोस्टेरॉन ओसरणं' केलं. मथळ्यात ते मावेना, संपादकांनी तिथे अँड्रोपॉजच ठेवलाय.