पार्सन्स, सॉस, क्विनन: कोणाला सौदा पावला, कोण बुडालं?

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)

२८ ऑगस्ट २०२५ ला दीड दिवसाचा गणपती घरामागे टबात विसर्जन करून हात पुसत होतो, तोच मुलाने फोन पुढे केला. डॅलस काउबॉइजने मायका पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकलं होतं. पोरगा ११ नंबरचा जर्सी घालूनच आरतीला उभा होता. त्याला काय सांगणार, 'पुढच्या वर्षी लवकर या'?

एनएफएल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा हेल्मेटवाला फुटबॉल. इथे खेळाडू सहसा पैशाने विकला जात नाही, त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू नाहीतर ड्राफ्टमधला हक्क घेतात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या पोरांची दरवर्षीची निवड. सात फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. या हक्कालाच पिक म्हणतात. पार्सन्सच्या बदल्यात आम्हाला मिळालं ते असं: पॅकर्सची २०२६ आणि २०२७ ची पहिल्या फेरीची पिकं, आणि केनी क्लार्क हा तिशीला टेकलेला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला गडी.

आता जानेवारी २०२६, आमचा मोसम संपलाय. काउबॉइज ७-९-१ (सात जिंकले, नऊ हरले, एक बरोबरीत), बचाव लीगमधला सगळ्यात जास्त गुण खाणारा, बचावाचा प्रशिक्षक (कोऑर्डिनेटर) मॅट एबरफ्लूसची हकालपट्टी. सगळे म्हणतात आमचा मालक जेरी जोन्स फसला. मीही म्हणतो, पण माझं कारण वेगळं आहे. दोन पहिल्या फेऱ्या आणि एक खेळाडू ही किंमत वाईट नव्हती. आपण हरलो ते वर्षभर आधी, २०२४ च्या उन्हाळ्यात, जेव्हा पार्सन्सशी करार करता येत होता आणि जेरीने केला नाही.

पार्सन्स हा पास रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यावर) तुटून पडणारा. अशांचा भाव कसा चढत गेला बघा. २०२३ मध्ये निक बोसाने वर्षाला ३४ मिलियन डॉलर घेतले. मार्च २०२५ मध्ये मॅक्स क्रॉस्बीने ३५.५, त्याच महिन्यात माइल्स गॅरेटने ४०, जुलैत टी. जे. वॉटने ४१. जेरी बसून राहिला. मार्चमध्ये एजंटला बाजूला ठेवून पार्सन्सशी स्वतःच बोलला आणि सौदा ठरला असं धरून चालला. ऑगस्ट उजाडला तेव्हा पोराने जाहीरपणे सांगितलं, मला दुसरीकडे पाठवा. पॅकर्सने चार वर्षांचे १८८ मिलियन दिले, म्हणजे वर्षाला ४७. क्वार्टरबॅक सोडून इतर कुणालाही तोवर एवढे मिळाले नव्हते. आमच्याच लॅम आणि क्वार्टरबॅक प्रेस्कॉटच्या करारांतही जेरीने अशीच शेवटच्या क्षणापर्यंत ओढाताण केली होती. बैल गेला आणि झोपा केला, तोही दरवर्षी नव्या बैलासाठी.

तुमची मतं येऊ द्या. पार्सन्सपुरतं थांबू नका, नोव्हेंबरातले जेट्सचे सौदेही घ्या.

मॅडिसनची_माई

अहो फ्रिस्कोकर, किंमत वाईट नव्हती हे तुम्ही मनाच्या समाधानासाठी म्हणताय. २६ वर्षांचा, चार वर्षांत साडेबावन्न सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) केलेला खेळाडू कुणी विकतं का? आमच्या पॅकर्सकडे १४ सामन्यांत त्याने साडेबारा सॅक केले. आणि २८ सप्टेंबरचा तुमच्याच मैदानावरचा ४०-४० चा सामना आठवा. जादा वेळेत प्रेस्कॉट गोल लाइनच्या तोंडाशी आला होता, त्याला कुणी पाडलं? टचडाउन (सहा गुण) हुकला, तुमची फील्ड गोलवर (तीन गुण) बोळवण झाली.

१४ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचं एसीएल (अस्थिबंधन) गेलं. तोवर आम्ही ९-३-१ होतो. त्या सामन्यापासून पुढे आम्ही एकही सामना जिंकलो नाही! ब्रॉन्कोज, बेअर्स, रेव्हन्स, व्हायकिंग्ज आणि प्लेऑफमध्ये पुन्हा बेअर्स. शिकागोत अर्ध्यावर २१-३ ने पुढे असून २७-३१ हरलो. जेवण गेलं नाही त्या रात्री. पण त्याची किंमत किती होती, हे या पाच सामन्यांवरून कळत नाही का?

कोथरूड_ते_कबड्डी

मी पुण्यातून पहाटे उठून बघणारा, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकतोय समजा. पण माई, तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. दोन पहिल्या फेऱ्या आणि १८८ मिलियन देऊन तुम्हाला काय मिळालं? प्लेऑफमध्ये पहिल्याच सामन्यात घरी. तो पुढचा मोसम कधी सुरू करेल आणि गुडघा तसाच राहील का, कुणालाच माहीत नाही. निकाल हाच निकाल.

आपल्याकडे हार्दिकला गुजरातकडून मुंबईने परत आणलं तेव्हा पहिल्या वर्षी मुंबई तळाला गेली आणि सगळ्यांनी सौद्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी क्वालिफायर दोनपर्यंत गेल्यावर तेच लोक गप्प. मग कुठल्या वर्षी हिशोब मांडायचा ते तरी ठरवा.

मॅडिसनची_माई

गुडघा सौद्याच्या कागदावर लिहून येत नाही हो. जखमेवरून सौदा तोलायचा तर मग लॉटरी लागलेल्या माणसाला आर्थिक सल्लागार म्हणा.

आणि आमच्या क्लबला जेरीसारखा मालक नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, माझ्या सासऱ्यांच्या नावावर एक शेअर फ्रेम करून भिंतीवर आहे. डिव्हिडंड शून्य. इथे जनरल मॅनेजर चुकला तर त्याची नोकरी जाते. तुमच्याकडे मालकही जेरी आणि जनरल मॅनेजरही जेरी. कोण कुणाला काढणार?

एडिसनचा_जेट्सवाला

थांबा, खरा विजेता इथे बसलाय.

४ नोव्हेंबर, सौद्यांच्या मुदतीचा शेवटचा दिवस. जेट्सने सॉस गार्डनर कोल्ट्सला दिला: २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेऱ्या, शिवाय एडोनाय मिचेल. त्याच दिवशी डिफेन्सिव्ह टॅकल क्विनन विल्यम्स काउबॉइजला: २०२६ ची दुसरी फेरी, २०२७ ची पहिली फेरी आणि मॅझी स्मिथ. म्हणजे एका दिवसात तीन पहिल्या फेऱ्या.

कोल्ट्स तेव्हा ७-२ होते, त्यांना वाटलं आपलं पिक अगदी शेवटाला जाईल. सौद्यानंतर ते एकच सामना जिंकले, तोही बर्लिनमध्ये जाऊन. मग सॉसची पोटरी गेली, त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचा टाचेमागचा अकिलीस तुटला, आणि शेवटी फिलिप रिव्हर्सला निवृत्तीतून उठवून आणलं. ४४ वर्षांचा, आजोबा झालेला माणूस! लागोपाठ सात हार, ८-९. त्यांचं 'शेवटाला जाणारं' पिक आता सोळावं आहे आणि ते आमचं आहे. सॉस चांगला कॉर्नरबॅक (पास अडवणारा) आहे, पण जुलैत त्याला १२० मिलियनचा करार देऊन बसलो होतो. तो बोजाही गेला.

फ्रिस्कोकर, तुमच्या सौद्यातली गंमत तुम्ही सांगितलीच नाही. २०२७ चं जे पिक आम्हाला दिलंत ते तुमचं आणि पॅकर्सचं, या दोन्हींपैकी जे वर असेल ते.

फ्रिस्कोकर

ती गंमत मुद्दाम टाळली होती, उकरून काढलीत.

मग पूर्ण खातंच मांडतो. दोन्ही सौदे एकत्र धरले तर डॅलसमधून गेले पार्सन्स, एक दुसरी फेरी आणि मॅझी स्मिथ (तोही २०२३ चा आमचा पहिल्या फेरीचाच, पण त्यावर न बोललेलं बरं). २०२७ मध्ये दोनपैकी खालचं पिक आमच्याकडे राहील. आले क्लार्क, क्विनन आणि पॅकर्सचं २०२६ चं विसावं पिक. विसावं! पार्सन्स जितका भारी खेळणार तितके पॅकर्स जिंकणार आणि तितकं आमचं पिक खाली घसरणार. म्हणजे मोसमभर आम्ही आमच्याच माजी खेळाडूच्या अपयशाची वाट बघत होतो. डिसेंबरात गुडघ्याची बातमी आली तेव्हा घरातल्या एका माणसाने (मी नव्हे) आधी पिकाचा हिशोब केला. लाज वाटली.

पण माई, एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर विसरलात. २७ डिसेंबरला तुमच्याच लॅम्बो मैदानावर रेव्हन्सच्या डेरिक हेन्रीने तुमच्याविरुद्ध किती यार्ड काढले? २१६, आणि चार टचडाउन. मधल्या फळीत नऊ मोसम उभा राहिलेला केनी क्लार्क तुम्ही आम्हाला दिलात, मग त्याच फळीतला वायट जखमी झाला आणि मध्ये भगदाड पडलं. तुमच्या पाच हारांचं सगळं श्रेय एकट्या पार्सन्सच्या गुडघ्याला देऊ नका.

क्विनन आल्यावर आम्ही रेडर्स, ईगल्स, चीफ्स असे ओळीने तीन जिंकलो. ईगल्सविरुद्ध तर २१-० ने मागे पडून २४-२१.

ओहायोची_वाट

आमच्या ब्राउन्सचा क्वार्टरबॅक वॉटसन, त्याचं नाव कुणी अजून काढलं नाही याबद्दल आभार. २३० मिलियन, सगळे हमीचे, वर तीन पहिल्या फेऱ्या. चालू द्या.

कोथरूड_ते_कबड्डी

जेट्सवाले, तुमचं सगळं 'असेल' आणि 'येईल' यावर चाललंय. ती पोरं अजून कॉलेजात आहेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

प्रत्यक्षात काय झालं? तुम्ही ३-१४. मोसमभरात तुमच्या बचावाने एकही इंटरसेप्शन (समोरच्याचा पास हवेतच हिसकावणं) केलं नाही. एकही नाही, एनएफएलच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. आणि विजेते म्हणे.

एडिसनचा_जेट्सवाला

इंटरसेप्शन सॉस असतानाही नव्हते. विक्रमाचं श्रेय त्यालाही अर्धं द्या.

पण तुरीच्या बाबतीत तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, ते मान्य. २०२० मध्ये आम्ही जमाल अॅडम्स सीहॉक्सला दिला, दोन पहिल्या फेऱ्या आणि वर तिसरी. सगळ्यांनी म्हटलं, जेट्सने लुटलं. खरंच लुटलं होतं, त्यातल्याच एका पिकातून गॅरेट विल्सन आला आणि पोरगा हिरा आहे. पुढे काय? २०१० च्या मोसमानंतर आम्ही प्लेऑफ पाहिलेलं नाही. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आता ती ड्रायव्हिंग शिकते आहे. सौदा जिंकता येतो हे आम्ही दाखवून दिलंय. सामना कसा जिंकतात तेवढं कुणी सांगितलं तर बरं.

तरीही म्हणतो, या वेळी बरोबर केलं. क्वार्टरबॅक नाही तोवर कॉर्नरबॅक ठेवणं म्हणजे छप्पर नसलेल्या घराला झुंबर.

फ्रिस्कोकर

जेरीनेही सौद्याच्या दिवशी १९८९ ची आठवण काढली होती. क्लब विकत घेतला त्याच वर्षी त्याने हर्शेल वॉकर व्हायकिंग्जला दिला आणि पिकांचा ढीग आणला. त्यातून एमिट स्मिथ आला, डॅरेन वूडसन आला, पुढे तीन सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं. डॅलसमध्ये ही गोष्ट पोवाड्यासारखी सांगतात. पण तेव्हा ती पिकं वापरणारा प्रशिक्षक जिमी जॉन्सन होता. वॉकर धावणारा गडी, अशांचं वय लवकर संपतं. २६ वर्षांचा पास रशर म्हणजे ते नव्हे. आठवण काढणं सोपं, जिमी कुठून आणणार?

खरं सांगायचं तर जेरीने या वर्षी एक सौदा झकास केला, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मे महिन्यात स्टीलर्सकडून जॉर्ज पिकन्स, एका तिसऱ्या फेरीच्या पिकावर, बाकी खालच्या फेऱ्यांची किरकोळ देवघेव. ९३ झेल, १,४२९ यार्ड, ९ टचडाउन. स्टीलर्सने 'डोकेदुखी' म्हणून दिलेला माणूस.

कोथरूड_ते_कबड्डी

आणि त्याचा करार संपतोय ना? मग बसा आता ओढाताण करत.

मॅडिसनची_माई

बघा! पुण्यातल्या माणसालाही जेरीचा स्वभाव कळला.

दोघंही जिंकलेत असा सौदा मला एकच आठवतो, आणि डेट्रॉइट लायन्सचं कौतुक माझ्या तोंडून वदवून घेताय याचा राग आहे. २०२१, क्वार्टरबॅक स्टॅफर्ड रॅम्सला, त्यांचा क्वार्टरबॅक गॉफ आणि पहिल्या फेऱ्या डेट्रॉइटला. रॅम्सने त्याच मोसमात सुपर बोल घेतला. डेट्रॉइटने रॅम्सच्या पिकावरून थोडं खाली सरकून गिब्ज आणि लापोर्टा उचलले. आणि जानेवारी २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी लायन्सनी प्लेऑफचा सामना जिंकला तो स्टॅफर्डच्याच रॅम्सविरुद्ध, २४-२३. गॉफने जिंकून दिला. दोघांनाही हवं ते मिळालं, कारण दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या. आमची गरज पास रशरची होती, तो आला. फ्रिस्कोकर, तुमची गरज काय होती ते जेरीला विचारा.

फ्रिस्कोकर

'धाव अडवायला माणूस हवा होता' असं म्हणाला तो. पार्सन्स विकून.

माई, पोराने परवा १ नंबरचा हिरवा जर्सी मागितला. ११ चा आता अंगाला तोकडा होतो, पण टाकवत नाही.

मॅडिसनची_माई

मला पाठवा. मी जुन्या जर्सींची गोधडी शिवते, निळा तुकडा कमीच आहे.

फ्रिस्कोकर

पाठवतो. पिकन्सचाही नवा घेतलाय, तो मार्चपर्यंत थांबवून ठेवतो.