दोन सीटी मूल्यांची तुलना करण्यापूर्वी

या चर्चेत एका सदस्यांनी पुण्यातील दोन प्रयोगशाळांच्या पीसीआर (विषाणूचे जनुकीय द्रव्य आवर्तनागणिक वाढवत नेऊन शोधणारी चाचणी) अहवालांतून आलेली २४ आणि २७ ही सीटी मूल्ये (विषाणूचा संकेत कितव्या आवर्तनात उमटला तो आकडा) शेजारी ठेवून त्यांपैकी एक अहवाल चुकीचाच असणार, असे म्हटले आहे. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात डीएनए आदर्श स्थितीत दुप्पट होत असल्याने तीन आवर्तनांचा फरक कागदावर आठपट भरतो खरा, परंतु किट, निवडलेले जनुक, आरएनए वेगळा काढण्याची पद्धत आणि मुळात स्वॅब किती नीट घेतला, यांवर सीटी इतके अवलंबून असते की वेगवेगळ्या किटची मूल्ये थेट ताडून पाहता येत नाहीत. त्याऐवजी कंट्रोलविषयी, म्हणजे चाचणी नीट झाली की नाही हे पडताळणाऱ्या जोड-तपासण्यांविषयी, विचारावे. नमुना न घालता चालवलेल्या नलिकेत संकेत उमटला, तर दूषिततेचा संशय घ्यावा लागतो. आणि विषाणूबरोबरच आरएनेझ पी हे मानवी जनुकही (स्वॅबमध्ये रुग्णाच्या पेशी आल्याची खूण) सापडले नाही, तर अहवाल 'निगेटिव्ह' नव्हे, अवैध ठरतो व नमुना पुन्हा तपासावा लागतो (रुग्णाला हे सहसा कोणी सांगत नाही). डिजिटल पीसीआरमध्ये नमुना हजारो सूक्ष्म कप्प्यांत विभागला जात असल्याने प्रमाण-आलेखाशिवाय (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेल्या तुलनेच्या आलेखाशिवाय) जनुकाच्या प्रती मोजता येतात, मात्र स्वॅबच अपुरा असल्यास त्याचाही उपयोग होत नाही.