सरकारी खरेदीतला ‘एल-वन’ बंद करावा का?

सातपूरकर
लोखंडी कपाटं बनवतो. गेल्या वर्षी एका केंद्रीय कार्यालयाची ४० कपाटांची बोली जेमवर (केंद्राचं खरेदी पोर्टल, २०१६ पासूनचं) आली. पत्रा ०.८ मिमी, असं स्वच्छ लिहिलेलं. मी पत्रा, पावडर कोटिंग, टेम्पोभाडं धरून दर भरला. एल-वन, म्हणजे सर्वात कमी दरवाला, माझ्याहून २२ टक्के खाली! त्या दरात नुसता पत्रासुद्धा येत नाही हो. चार महिन्यांनी तिथे दुसऱ्या कामाला गेलो, तर फायलींखाली फळ्या झोळीसारख्या लोंबत होत्या. माझं म्हणणं, हे एल-वन काढा आणि दर्जाला गुण द्या.

निवृत्त खरेदीवाला
गुण देणार कोण? मीच ना? मग माझ्या मेव्हण्याच्या कारखान्याला ९५, तुम्हाला ४०. चालेल?
सातपूरकर, ऑडिट येतं तेव्हा सगळी समिती बदलून गेलेली असते आणि ‘स्वस्त मिळत असताना महाग का घेतलं?’ याचं उत्तर सही करणारा एकटा देतो. एल-वन घेतला की निदान झोप लागते. डीजीएसअँडडीचे, म्हणजे केंद्राच्या जुन्या खरेदी खात्याचे, दरकरार आम्ही वापरलेत. बाजार उतरला तरी करारातला दर तिथेच. २०१७ साली ते खातं बंद झालं, त्याचं मला तरी दुःख नाही. आणि दर्जाला गुण अजिबात नाहीत असंही नाही. २०२१ पासून बांधकामं आणि काही सेवांमध्ये ३० टक्क्यांपर्यंत देता येतात. कपाटांना नाही, ते बरंच आहे.

प्रयोगशाळेतली
झोप तुम्हाला लागते, जागरण आम्हाला. पिपेटच्या टिप्स स्वस्तात आल्या, नीट बसेनात. प्रत्येक मोजमाप थोडं थोडं चुकत होतं, ते कळेपर्यंत आठवड्याचं काम वाया. २०२५ साली वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना विशेष उपकरणं जेमबाहेर घ्यायची मुभा दिली, थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली. एल-वन इतका गुणी होता तर ही सूट कशाला?

निवृत्त खरेदीवाला
बाई, ती सूट विशेष उपकरणांना आहे आणि रास्तच आहे. कपाट हे काही स्पेक्ट्रोमीटर नव्हे.

शिवणवाली
मी गणवेश शिवून देते, त्यामुळे दराच्या भांडणात दोघांनाही विचारते: पैसे कधी मिळतात? लहान उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मागितलंय कोणी? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. म्हणून मी उशिराचं व्याज आधीच दरात धरते आणि एल-वन व्हायची राहते. निकृष्ट कापड घालणाऱ्याला ही चिंता नाही, त्याचा नफा पहिल्याच दिवशी निघालेला असतो.

सातपूरकर
शिवणवालीताई, अगदी हेच!

निवृत्त खरेदीवाला
ताईंचा मुद्दा मान्य, तिथे आमच्या खात्याची बाजू घेता येत नाही. पण सातपूरकर, मूळ प्रश्न राहिला. लिहिलेला पत्रा ०.८, आलेला पातळ. मग माल स्वीकारला कोणी? माल आल्यावर १० दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, क्रॅक म्हणतात त्याला. कोपऱ्यातला रंग खरवडायचा, जाडी मोजायला मायक्रोमीटर लावायचा, कमी भरला की ४०च्या ४० परत. दोन वेळा माल परत गेला की २२ टक्के खालचे दर येणं बंद होतं. आमच्याकडे काय व्हायचं, तर शिपाई कपाटं मोजायचा. ४० आहेत? आहेत. मार सही.

प्रयोगशाळेतली
म्हणजे चूक एल-वनची नाही, शिपायाची?

निवृत्त खरेदीवाला
शिपायाची कशी? त्याच्या हातात मायक्रोमीटर कोणी दिला होता?

सातपूरकर
माझ्याकडे तीन पडलेत. एक त्या कार्यालयात देऊन येऊ का? की ती लाच धरतील?

निवृत्त खरेदीवाला
धरतील. त्यांना हवा असेल तर जेमवरून मागवावा लागेल. एल-वनकडून.