बातमी लिहून झाल्यावर: पत्रकार-संयोजकांचे अनुभव

'केसरी'चे संपादक टिळक १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवामागे ताकदीने उभे राहिले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतली माणसं संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मांडवात, वाचनालयात, तालमीत सापडतात. चित्रपट-समीक्षक सुधीर नांदगावकर प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीसाठी आणि इतर फिल्म सोसायट्यांसाठी आयुष्यभर राबले. दिनकर गांगलांनी पत्रकारिता करता करता मित्रांना घेऊन 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभी केली. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. तालुक्याच्या गावी हेच करणाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या स्वतःच्या पेपरातही क्वचित येतात, कारण आपल्याच कार्यक्रमाची बातमी आपण लिहिणं त्यांना पटत नाही. म्हणून हा धागा. पत्रकारितेने तुमच्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या संयोजनाला काय दिलं आणि कुठे अडवलं, ते लिहा. नाव द्यायचं नसेल तर गाव आणि काम एवढं पुरे.

उपसंपादक (निवृत्त), मुंबई

सत्तरच्या दशकात मी एका फिल्म सोसायटीत आलो. १६ मिलिमीटरच्या प्रिंट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून नाहीतर वकिलातींकडून मिळायच्या. माझी रात्रपाळी, दिवस मोकळा; त्यामुळे पत्र्याचे डबे आणण्या-पोचवण्याचं काम माझ्याकडेच आलं. खेळ फक्त सभासदांसाठी असे. सेन्सॉरची सूट त्याच अटीवर होती, म्हणून जाहिरात देऊन तिकिटं विकायचा प्रश्नच नव्हता. निरोप जायचे ते पोस्टकार्डाने.

माझं खरं काम टिपणांचं. सबटायटल्स इंग्रजी, तीही उजळ प्रसंगात पांढऱ्यावर पांढरी. परळ-लालबागचे गिरणीत काम करणारे काही सभासद होते. गोष्ट कळेनाशी झाली की ते मध्येच उठून जात. मग मी प्रत्येक चित्रपटावर एक पान लिहायला लागलो: देश कुठला, काळ कुठला, तिथे तेव्हा काय चाललं होतं, कोण कोणाचं कोण. शेवट सांगायचा नाही, हा नियम. तारांवरून बातमी करताना लांबलचक मजकूर चार ओळींत आणायची सवय हाताला होती, ती इथे उपयोगी पडली. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायचं, दारात वाटायचं. हळूहळू तेच सभासद खेळानंतरच्या चर्चेला थांबू लागले आणि दिग्दर्शकाने कॅमेरा तिथेच का ठेवला यावर तावातावाने बोलू लागले. इतकी चांगली चर्चा मी पुढे मोठमोठ्या महोत्सवांतही ऐकलेली नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर त्यातले बरेच जण गावी गेले. टिपणांच्या प्रती माझ्याकडे आहेत. अभ्यासासाठी कुणाला हव्या असतील तर जरूर देईन.

तालुका बातमीदार, देसाईगंज (वडसा)

झाडीपट्टीचं नाटक म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला अजूनही सांगावं लागते, म्हणून आधी तेच. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावच्या जत्रा भरतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात. ज्या गावी दिवसा मंडई नाहीतर पट, त्या गावी रात्री नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा सारा पट्टा हंगामभर जागा असतो. कंपन्यांच्या कचेऱ्या वडस्याला. गावचं मंडळ इथे येऊन तारीख ठरवते, इसार देते, शामियाना घालते, तिकिटं विकते. रात्री पडदा उघडतो आणि माणसं पहाटे घरी जातात.

मंडळाची पोरं माझ्याकडे येतात ती बातमीसाठी कमी, तारखांसाठी जास्त. कोणत्या गावी कोणत्या रात्री कोणती कंपनी, हे मी बातमीच्या सोयीसाठी वहीत लिहून ठेवत होतो. शेजारच्या दोन गावांनी एकच तारीख धरली तर दोन्ही शामियाने अर्धे रिकामे राहतात आणि मंडळ उधारी फेडत बसते. म्हणून आता हंगामाआधी आम्ही आसपासच्या मंडळांची बैठक घेतो. वही मध्ये ठेवतो. भांडण व्हायचं ते तिथेच होते.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला बाहेरून फोनवर फोन: झाडीपट्टी म्हणजे काय, दोन ओळीत सांगा. दोन ओळीत नाही होत. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने लोकनाट्यप्रकार करणाऱ्या म्हाताऱ्या कलावंतांच्या मुलाखती नीट ध्वनिमुद्रित व्हाव्या, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मी मोबाइलवर करतो आहे. चांगली यंत्रं असलेलं कुणी आलं तर गावोगाव फिरवण्याची जबाबदारी माझी.

मुक्त पत्रकार, फोंडा

पौषात आमच्याकडे धालो असतात. बायका मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या अंगणात जमतात, समोरासमोर रांगा धरतात आणि रात्री उशिरापर्यंत गातात. मी पुरवणीच्या लेखासाठी गेले होते, पुढे गाणी उतरवून घेत राहिले. एका महोत्सवासाठी हेच पंधरा मिनिटांत रंगमंचावर करून दाखवा, अशी मागणी आली. मांडावरच्या थोरल्या बायांनी नको म्हटलं आणि मी त्यांच्याच बाजूने बोलले. मांडाला देवपण आहे, ते उचलून सभागृहात नेता येत नाही. त्याऐवजी आम्ही शाळेतल्या मुलींना त्यांच्या आयांसोबत मांडावर आणतो. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी तिथे यावं, आमच्यासोबत बसावं.

जिल्हा प्रतिनिधी, चिपळूण

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. आधी बातम्याच दिल्या, दुसरं काही सुचण्याची वेळ नव्हती. पाणी उतरल्यावर ओळखीच्या एका गुरुजींच्या घरी गेलो तर जन्मभर जमवलेली पुस्तकं चिखलात. शेजारी ती उन्हात टाकत होते. जुन्या दप्तरांवरच्या एका लेखासाठी मी पूर्वी जाणकारांशी बोललो होतो, तेवढं आठवलं: कडक ऊन नको, सावली आणि वारा हवा, पानांमध्ये कोरा शोषणारा कागद घालून तो बदलत राहायचा. वीज नव्हती आणि कोरा कागद आणायचा कुठून? छापखान्यात रीळ संपताना गाभ्यावर थोडा कोरा कागद उरतो. आमच्या छपाई विभागाला फोन केला, पेपरच्या गाडीतून तसे गठ्ठे आले. कॉलेजची मुलं पडवीत बसून पानं सोडवत होती. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक गेले, त्यांची पानं कायमची चिकटली. साध्या कागदावरची बरीच पुस्तकं बचावली. तीच मुलं आता आमच्या वाचक मेळाव्याचं सगळं पाहतात.

पत्रकार आणि जलसा-संयोजक, औरंगाबाद

'ग्रंथाली'ने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन काढलं. आमच्या वस्तीत ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरून पार विटलं, तेव्हा माझ्या हाती आलं. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा मी पेपरात नवा होतो. त्या रात्री वस्त्यावस्त्यांत गाणी चालली होती. आमच्या पानावर भाषणं आली, पोलीस बंदोबस्त आला, गाणी आली नाहीत. ते मनात राहिलं. आता दर वर्षी जयंतीच्या आधी आम्ही जुने-नवे शाहीर एकत्र बसवतो. नियम एकच, आणि तो मी पेपरातून शिकलो: ज्याने रचलं त्याचं नाव गाण्याआधी सांगायचं. लोककवी वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी लोकांच्या ओठावर आहेत, पण ती वामनदादांची आहेत हे गाणाऱ्यालाच माहीत नसतं. बातमीवर आपलं नाव यावं म्हणून आपण केवढे झगडतो. शाहिरालाही ते मिळायला हवं.

वार्ताहर, सातारा जिल्हा

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली केली. आमची व्याख्यानमाला लहान, पण धर्ती तीच. अडचण पैशाची, आणि पत्रकारासाठी ती जास्त अवघड. गावात देणगी देऊ शकणारे म्हणजे कारखान्याचे संचालक, बाजार समितीवाले, बांधकामवाले. नेमकं यांच्याबद्दलच मला लिहायचं असतं.

म्हणून मंडळाने ठराव केला. पावतीपुस्तक माझ्या हाती कधी द्यायचं नाही. एका माणसाकडून ठरावीक रकमेच्या वर घ्यायचं नाही. देणगीदाराचा मंचावर सत्कार नाही, वक्ता त्याने सुचवायचा नाही. एकदा मी एकाच्या बेकायदा बांधकामाची बातमी दिली आणि आठवड्यात त्याच्याकडून मोठा धनादेश आला. खजिनदार बाईंनी मला न विचारता तो परत केला. त्या वर्षी मांडव घातला नाही, शाळेच्या पटांगणात उघड्यावरच व्याख्यानं झाली आणि लोक घरून चटया घेऊन आले. पाटबंधाऱ्यावरच्या व्याख्यानाला तर उभं राहायला जागा नव्हती.

ठरावाचा कागद कुणाला हवा असेल तर पाठवतो. रकमेची मर्यादा वाढवा, असा आग्रह मात्र दर वर्षी सर्वसाधारण सभेत होतो, कारण वक्त्यांचा प्रवासखर्चच भागत नाही. इतर गावांतल्या वार्ताहरांनी यावर काय मार्ग काढला, तो मला इथे वाचायचा आहे.