अनुभव धागा : आईने राखलेली घराण्याची वही

आई जाऊन आठ महिने झाले. कपाट आवरताना तिच्या तीन दोनशेपानी वह्या निघाल्या आणि १९७३ पासूनची कालनिर्णयं. जुनी कॅलेंडरं ती रद्दीत का जाऊ देत नव्हती, ते आता कळलं. तारखेच्या चौकटीत 'दूध नाही' आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'धाकटी बाळंत, मुलगी, स. ७.१०'. एका चौकटीत गॅसचा नंबर लावल्याची नोंद आणि तिथेच मोठे काका गेले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आई नवी सून. नदीकडेचं घर, पाणी माळ्याला लागलेलं. घराण्याचे मोडी लिपीतले कागद ट्रंकेत होते, सगळे भिजले. तिने ते एकेक सुटं करून आजोबांच्या धोतराच्या घड्यांमध्ये ठेवून सुकवले. शाई फुटली होती, पण आजोबांना बरंच पाठ होतं. ते सांगायचे, ती देवनागरीत उतरवून घ्यायची. तिथून सुरुवात.

उतरवता उतरवता तिच्या लक्षात आलं की वंशवृक्षाच्या तक्त्यात नुसते पुरुष. बायका असल्याच तर सासरच्या नावाने. ते नावही लग्नात बदललेलं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. मग ही मुळात कोण, कुठली? आईने वहीत दोन रकाने वाढवले : माहेरचं नाव, माहेरचं गाव. आणि नियम असा, की एकाने सांगितलं तर पेन्सिल, दोघांचं जुळलं तर शाई.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. आई, आजी, आत्या. लिहा. लांबलचक झालं तरी चालेल.

गडहिंग्लजकडून

आमच्याकडं वही-बिही काही नव्हती. सुगी झाली की हेळवी यायचा, बैल घेऊन. दारात उभा राहून पिढ्या म्हणायचा : मूळ पुरुष कोण, कुठनं आला, कुणाला किती पोरं. आई उंबऱ्यात सूप घेऊन बसायची. जोंधळे घालायच्या आधी सगळं ऐकून घ्यायची. एकदा त्यानं आमच्या थोरल्या आज्ज्याला दोन पोरं सांगितली. आई म्हणाली, "तीन. मधलं पटकीत गेलं. पुन्हा म्हण." त्यानं पुन्हा पहिल्यापासनं म्हटलं, मगच सुपातलं धान्य त्याच्या झोळीत पडलं. आईला सही यायची नाही. ती गेल्यावर हेळव्याच्या पोरानं तिचं नाव त्याच्या वहीत घातलं, ते आम्ही समोर उभं राहून बघितलं.

नाशिक

आमच्या आईला घराण्याचा अभिमान वगैरे काही नव्हता, तिला सुतकाची काळजी. कोण गेलं की चाळीतल्या चौघी विचारायला यायच्या : आम्हाला दहा दिवस की तीन, की नुसती आंघोळ? ती बोटांवर पिढ्या मोजून सांगायची. लग्न ठरताना गोत्र आणि देवक तिच्याकडूनच तपासून न्यायचे. तिच्या अस्थी घेऊन त्र्यंबकला गेलो. उपाध्यायांनी विचारलं, मूळ गाव? मी नाशिक म्हणालो, ते हसले. आई नेहमी बजावायची ते तेव्हा आठवलं, 'विचारलं तर कोकणातलं गाव सांगायचं, राहतो ते नाही.' ते सांगितल्यावर पाच मिनिटांत बाड निघालं, त्यात पणजोबांची सही. हात थरथरत असावा, वेलांटी ओळीबाहेर गेलेली.

कोयनेकाठचे, आता पनवेल

गाव कोयना धरणाच्या शिवसागरात बुडालं. आई संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता घरं मोजायची. देवळापासून सुरू, उजवीकडं पहिलं कुणाचं, त्याच्या परड्यात काय, कुणाची सून कुठली. एक भाकरी, एक घर. आम्ही कंटाळायचो. आता पिठाचे हात घेऊन बसलो तर मला अकरा घरांच्या पुढं जाता येत नाही.

जरा वेगळं लिहितो, राग नसावा

सगळ्याच आया निःपक्षपाती नसतात. आमची नव्हती. जमिनीच्या वाटणीत बिनसल्यावर तिने धाकट्या काकांची अख्खी शाखा वंशावळीतून काढली. खाडाखोड नाही, सरळ नवा तक्ता केला आणि त्यात ते जन्मलेच नाहीत! चुलतभावाला तक्ता दाखवायची मला लाज वाटायची. ती गेल्यावर जुना तक्ता सापडला, देवघरातल्या टाकांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घालून. काकांच्या नातवंडांची नावं त्यात होती. म्हणजे भांडणानंतरही लिहीत होती. कोण सांगत होतं तिला, देव जाणे.

न्यू जर्सी

वही नाही, तीन तासांचं रेकॉर्डिंग आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकेक माणूस विचारायचो. निम्म्या वेळा ती "तू जेवलास का" याच्यावरच यायची. मागे कुकरच्या शिट्ट्या. एकदा आजीच्या बहिणीचं नाव सांगतानाच शिट्टी झाली आणि ते नाव काही केल्या ऐकू येत नाही.

धागाकर्ती

सगळे वाचते आहे. ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका, कागद त्यातून परत सुटत नाही. आणि न्यू जर्सीवाले, आजीच्या माहेरी कुणी असेल तर आजच फोन करा.

आईच्या वहीत सात जागी नुसतं 'नाव?' आहे. त्यातलं एक, पणजीच्या सासूचं माहेरचं नाव, मागच्या आठवड्यात वाईच्या मावशींकडून मिळालं. तीन अक्षरी. मावशी नव्वदीच्या पुढच्या आहेत, दुसरं कुणी सांगणारं नाही. पेन्सिलीने लिहिलं.