मुंबईच्या फ्लॅटमध्ये संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर ठेवावं का?

चौथा_मजला

१६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्यात अभिनेते सैफ अली खान यांच्या घरात एक माणूस शिरला आणि त्यांच्यावर चाकूचे वार झाले. तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच विषय पुन्हा पुन्हा निघतो: परवाना काढून हत्यार घ्यावं का? माझं मत 'घेऊ नये' असं आहे. कारणं मांडतो, खोडून काढा.

त्या रात्रीचा क्रम बघा. तो माणूस सापडला तो मुलाच्या खोलीत. तिथे मुलाला सांभाळणारी बाई होती, आरडाओरडा झाला, मग घरातले धावले आणि झटापट सुरू झाली. म्हणजे हल्लेखोर, मूल आणि बाई एकाच खोलीत. अशा वेळी हातात रिव्हॉल्व्हर असतं तरी नळी कुठे धरणार होतात?

आणि ते मोठं घर होतं. आपल्याकडे वन बीएचके म्हणजे दारापासून पलंगापर्यंत सहा-सात मीटर. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात झोपेतून उठायचं, कपाट उघडायचं, हत्यार बाहेर काढायचं, समोर कोण आहे ते ओळखायचं. हत्यार कुलपात ठेवलं तर वेळेवर हाती येत नाही. उशाखाली ठेवलं तर ते घरातल्या सगळ्यांच्या हाताशी येतं, लहान मुलांच्यासुद्धा.

दहा_मीटर

ट्युलरचा आकडा बरोबर आहे, पण तो कमरेच्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) हत्यार असलेल्या पोलिसासाठी होता आणि त्याचा धडा वेगळा आहे: अंतर वाढवा, मध्ये अडथळा ठेवा. घरात तो अडथळा म्हणजे बेडरूमचं दार. घरभर हत्यार घेऊन चोर शोधत फिरणं हा मूर्खपणा, हे कोणताही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगेल. सगळ्यांना एका खोलीत घ्यायचं, आतून कडी, फोन ११२ ला, आणि हत्यार फक्त त्या दाराकडे. दार फोडूनच कोणी आत आला तर तो कोण आहे याबद्दल शंका उरत नाही.

कुलूप विरुद्ध वेळ हा वादही अर्धाच खरा. भिंतीत बोल्ट मारलेली, यांत्रिक बटणांची छोटी पेटी पलंगाच्या बाजूला बसवली तर सरावानं तीन-चार सेकंदात उघडते. बोटाच्या ठशाची घेऊ नका. घामट किंवा ओलं बोट ती ओळखत नाही आणि बॅटरी नेमकी नको तेव्हा उतरते.

म्हातारं जोडपं एकटं राहतं, व्यवसायामुळे धमक्या आलेल्या आहेत, घरात लहान मूल नाही, दोघांची नजर आणि हात ठीक आहेत. अशा घराला सरसकट 'नको' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माणसाला स्वतःच्या घरात स्वतःचा जीव वाचवायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे.

अर्जवाली

हक्क आहे, पण लोक त्याची मर्यादा चुकीची सांगतात, म्हणून कायद्यापुरतं लिहिते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ४१ नुसार मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बळ वापरता येतं ते चारच प्रसंगांत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या जागेला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा गृहअतिक्रमण की ज्यात जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटेल. आता 'घरफोडी' या शब्दाला कायद्यात ठरावीक अर्थ आहे. कुलूप उघडून, जबरदस्तीनं किंवा माणसांच्या ये-जा करण्याच्या नसलेल्या वाटेनं शिरणं म्हणजे घरफोडी. दार उघडं होतं, भुरटा सरळ आत आला आणि टेबलावरचा मोबाईल उचलला, तर ती घरफोडी नव्हे. त्याच्यावर गोळी झाडणारा स्वतः आरोपी होतो.

कलम ३७ आणखी दोन अटी घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर वळून जिन्यात पळाला की त्याच्या पाठीवर झाडलेल्या गोळीला बचाव म्हणता येत नाही. घरफोडीपुरता हा हक्क अतिक्रमण चालू असेपर्यंतच टिकतो.

हे सिद्ध करायचा भार झाडणाऱ्यावर असतो. दिलासा एवढाच की तो सरकार पक्षासारखा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, बाजू जास्त संभवनीय दिसली तरी पुरते. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे आणि बचावाची बाकी तत्त्वं एकत्र मांडली आहेत, जरूर वाचा. पण तोवर पंचनामा, अटकेची शक्यता, हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त आणि तपासणीला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. तिथून ते कधी परत येईल ते न्यायालय ठरवतं.

चौथा_मजला

@दहा_मीटर, बंद दारामागे बसायचं हे पटलं. पण मग दार मजबूत असेल आणि ११२ ला फोन लागला असेल तर हत्याराचं काम उरतं कुठे?

आणि दाराकडे झाडलेली गोळी दारात थांबत नाही. प्लायवुडचं पोकळ दार, जिप्समचं पार्टिशन हे .३२ ची (०.३२ इंच व्यासाची) गोळी सहज पार करते. दारापलीकडे पॅसेज, पॅसेजपलीकडे शेजाऱ्यांचं दार. बंद खोलीत झाडल्यावर आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, कानात शिट्टी वाजायला लागते, आणि मग 'अहो, मी आहे' हे बाहेरून कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. कलम ४४ निरपराध माणसाला धोका पत्करून बचाव करायची मुभा देतं, पण फक्त जिवावर बेतलेल्या हल्ल्यात आणि दुसरा मार्गच नसताना.

दहा_मीटर

दार तुटेपर्यंत पोलीस पोचले नाहीत तर, एवढंच ते काम. ती शक्यता कमी आहे, शून्य नाही.

गोळी पार जाते हे खरं आहे, म्हणून बसायची जागा आधी ठरवायची. दाराच्या सरळ रेषेत नाही, कोपऱ्यात, आणि गोळीच्या वाटेत विटांची बाहेरची भिंत येईल अशी. अशी जागा घरात सापडत नसेल तर हत्यार घेऊ नये. हे मी स्वतः सांगतो.

आता जे घेणार आहेत त्यांच्यासाठी हत्याराबद्दल, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास). मिळतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर १२ बोअरची छर्र्यांची बंदूक. नवशिक्यानं रिव्हॉल्व्हरच घ्यावं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ चं रिव्हॉल्व्हर मधोमध दुमडून उघडतं, गोळ्यांची सहाही घरं एका नजरेत दिसतात, भरलं आहे की रिकामं हे अंधारात बोट फिरवूनही कळतं. पिस्तुलात इथेच अपघात होतात: लोक मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढतात आणि चेंबरमधली, म्हणजे नळीच्या तोंडाशी चढलेली, एक गोळी विसरतात.

चाप हा दुसरा भाग. रेंजवरच्या १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचं वजन लागतं. रिव्हॉल्व्हर हॅमर (मागचा घोडा) न ओढता झाडायचं तर पाच किलोच्या आसपास किंवा वरच जोर लागतो, आणि त्या ओढीत उजव्या हातानं झाडणाऱ्याची नळी सहसा खाली-डावीकडे जाते. आठवड्याला दोनदा, रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, डमी काडतुसांवर पंचवीस-तीस वेळा कोरडा सराव, एवढं तरी हवं. तो करायची तयारी नसेल तर परवान्याच्या भानगडीत पडू नका.

१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी कपाटात ठेवताना निसटलेल्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, हे सगळ्यांनी वाचलं. त्या हत्याराबद्दल मी बोलत नाही. पण जुन्या बनावटीची काही रिव्हॉल्व्हरं अशी असतात की हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो, मागून आपटलं की झडतात. त्यात हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं, सहाऐवजी पाच गोळ्या.

खिळा_पाना

दाराचं कोणीच नीट लिहिलं नाही. बहुतेक फ्लॅटमध्ये सेफ्टी डोअर भारी असतं आणि चौकट कमकुवत. लाथ बसली की दार तुटत नाही, कडीची पट्टी उपटून येते, कारण ती पाऊण इंची स्क्रूवर असते. तिथे तीन इंची स्क्रू घाला, चौकटीतून भिंतीत जाणारे. बिजागऱ्यांनाही तेच. बेडरूमला पोकळ दार असेल तर ३५ मिमीचं भरीव फ्लश डोअर आणि आतून वर-खाली दोन टॉवर बोल्ट. हे सगळं रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या छोट्या तुकड्यात होतं.

वर चढायच्या वाटा: डक्टमधले ड्रेनेजचे पाइप, एसीच्या युनिटचा कठडा, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या. पट्ट्या बाहेरून एकेक सरकवून निघतात, आवाजही होत नाही. आतून जाळी मारा. खिडकीच्या ग्रिलमध्ये उघडणारा भाग ठेवा आणि त्याची किल्ली खिडकीपासून हाताच्या अंतरावर, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी. आगीत अडकून माणसं मरतात ती याच कुलपापायी.

मिरचीचा स्प्रे ठेवणार असाल तर धारेचा किंवा जेलचा घ्या. फवाऱ्याचा लहान खोलीत मारला तर आधी तुमचेच डोळे मिटतात. डब्यावरची मुदत बघा, दाब उतरलेला डबा नुसता ठिबकतो.

अर्जवाली

आता परवान्याची वाटही सांगते. वय २१ पूर्ण हवं. मुंबईत परवाना देणारे पोलीस आयुक्त. अर्ज नमुना ए-१, सोबत शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला एस-३, सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी एस-२, आणि हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एस-१. मग स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी. 'चोऱ्या वाढल्यात' एवढ्यावर काम होत नाही. धमकीची तक्रार, एफआयआरची प्रत, व्यवसायाचं स्वरूप, जे असेल ते जोडा. नकार आला तर कारण लेखी मागा आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर नकार देता येत नाही, त्याच कायद्याचं कलम १४(२) तसं सांगतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आणि हत्यारं जास्तीत जास्त दोन. नूतनीकरण चुकलं की तेच हत्यार बेकायदा ठरतं. निवडणूक लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार ते ठाण्यात जमा करावं लागू शकतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, म्हणजे ज्यांना जमा करायला सांगितलं त्यांच्या घरात ते तेवढे दिवस नव्हतंच.

चौथा_मजला

हा शेवटचा मुद्दा माझ्या बाजूनं जातो. आणखी एक: घरात कोणी नैराश्यात असेल तर हत्यार घरात आणूच नये, असलेलंही परवानाधारक दुकानात जमा ठेवावं. यावर तडजोड नको.

दहा_मीटर

त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. विसरायला लागलेल्या वडीलधाऱ्यांनाही तेच लागू. चष्म्याचा नंबर बदलल्यावर, हाताला कंप आल्यावर, दर नूतनीकरणाआधी घरच्यांनी हे स्पष्ट बोलावं.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी पावसाळ्याची काळजी घ्या. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि जिथे टेकतं तिथेच गंज चढतो. हात लागला की घामाचं मीठ राहतं, जुलैत दोन दिवसांत बोटाचा ठसा तांबूस दिसायला लागतो. पेटीत सिलिका जेल, महिन्याला बदलून. सुती फडक्यानं पुसून तेलाचा पातळ हात, बस. जास्त तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत गेलं तर नेमकी ती गोळी झडत नाही. पितळेवर हिरवट थर आलेली काडतुसं वापरू नका, दुकानदाराकडे नोंदीसह परत द्या.

अर्जवाली

आणि परवानाधारक वारला तर हत्यार 'बाबांची आठवण' म्हणून कपाटात राहू देऊ नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पावती घ्या, तिच्यावर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, मग वारसाचा अर्ज.