टाचण वहीत न मावलेलं : गणित शिकवण्याचं पहिलं वर्ष

हातचा एक

जूनपासून पुण्यातल्या एका शाळेत सातवी ते नववीला गणित शिकवतेय. बी.एड.चे सराव पाठ झकास झाले होते. रंगीत खडू, पुठ्ठ्याची वर्तुळं, मागच्या बाकावर शेरे लिहीत बसलेल्या मॅडम. खऱ्या वर्गात ५४ पोरं आणि ३५ मिनिटांची तासिका, त्यातली सातेक मिनिटं हजेरी आणि "बाई, पाण्याला जाऊ?" यात जातात.

सातवीला पूर्णांकांचा गुणाकार होता. टाचणात, म्हणजे पाठाच्या नियोजनात, लिहिलं होतं : दोन तासिका. 'ऋण गुणिले ऋण बरोबर धन' सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी वहीत −३ −५ = +८. एकाच्या नाही, निम्म्या वर्गाच्या. म्हणजे सहावीत पक्कं झालेलं मी सातवीत मोडून ठेवलं! एकाला विचारलं, असं का रे? म्हणाला, "बाई, तुम्हीच काल म्हणालात ना, दोन उणे आले की अधिक." आता काय बोलणार? मी म्हणाले, कँटीनवाल्या काकांचे तीन रुपये तू द्यायचेस. आज पाचाची आणखी उधारी केलीस. तर तू श्रीमंत झालास का? वर्ग हसला, तो मात्र हसला नाही. वही ओढून घेऊन त्याने मुकाट्याने खोडलं. त्या दोन तासिकांच्या सहा झाल्या.

तुमच्या पहिल्या वर्षात काय झालं ते लिहा. सल्ले नकोत, ते शिक्षकखोलीत भरपूर मिळतात.

उरलेली बाकी

नऊ वर्षं हिंजवडीत आयटीत काढून मग या धंद्यात आलो. सेमी इंग्रजीची शाळा, आठवी-नववी. मे महिन्यात एक्सेलमध्ये वर्षाचं नियोजन केलं होतं, रंग वगैरे देऊन. जुलैत पावसाच्या दोन सुट्ट्या आल्या, मग गणपती, मग स्नेहसंमेलनाचा सराव. दिवाळीपर्यंत ती फाइल उघडायचीसुद्धा लाज वाटायला लागली. ते असो.

सांगायचं होतं वेगळंच. आठवीत उजळणी म्हणून फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'पाचचा स्क्वेअर काढा'. एका मुलीने पट्टी-पेन्सिल घेऊन पाच सेंटिमीटर बाजूचा सुबक चौरस काढला. शेजारची पोरं खिदळली. मीही हसणारच होतो. मग लक्षात आलं, ती चुकली कुठे? मराठीत आपण संख्येला 'वर्ग' म्हणतो आणि आकृतीला 'चौरस', त्यामुळे दोन्ही एकच आहेत हे मराठी माध्यमात शिकताना मला कॉलेजपर्यंत जाणवलंच नव्हतं. तिला तो इंग्रजी शब्द तेवढा कळला होता, पण त्यानेच तिला नेमकं नेलं. त्याच चौरसात एक-एक सेंटिमीटरची घरं पाडायला सांगितली. पंचवीस.

पुढच्या आठवड्यात 'अ अधिक ब'च्या वर्गाला हाच चौरस वापरला. बाजूचे दोन तुकडे केले, तीन आणि दोन. पोरं नेहमीप्रमाणे 'अ वर्ग अधिक ब वर्ग' म्हणून मोकळी झाली. नऊ आणि चार, तेरा. "मग बाकीची बारा घरं कुठे गेली?" तीच मुलगी उठली आणि उरलेले दोन आयत रंगवून आली. तीन दुणे सहा, दोनदा. वर्षभरात मी इतका कमी बोललेला तास दुसरा नाही.

निवृत्त कंपासपेटी

सल्ले नकोत म्हणालीस, म्हणून फक्त झालेलं सांगते. मी १९८४ साली लागले. शाळा पेठेतली, मुलींची. पहिल्याच वर्षी नववीला भूमिती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं मुली घडाघडा म्हणायच्या. चाचणीत मी पायथागोरसचं प्रमेय विचारलं, फक्त त्रिकोण ए-बी-सी ऐवजी पी-क्यू-आर दिला, तोही आडवा पाडून. वर्गात पहिली येणारी मुलगी पेपर कोरा ठेवून रडत बसली. "बाई, हा त्रिकोण आपल्याला झालेला नाही."

दोष तिचा नव्हता, मी दोन महिने फळ्यावर तोच काटकोन त्याच कोपऱ्यात काढत होते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकच आकृती दोनदा त्याच अक्षरांनी काढली नाही. माझ्याच मुलीने घरी तक्रार केली की आईची आकृती वहीत उतरवायला त्रास होतो. होऊ दे.

आणि हो, खडू मोडून वापर, म्हणजे किंचाळत नाही. हा सल्ला आहे, माफ कर.

पावशेर

महापालिकेच्या शाळेत आहे, शिक्षण सेवक, म्हणजे मानधनावरचा शिक्षक. (मानधन विचारू नका. २०२३ ला वाढलं, पण पुण्यातली घरभाडी त्याआधीच वाढली होती.)

आठवीच्या पुस्तकात बहुपदींचा भागाकार आणि वर्गातल्या दहा-बारा जणांना साधा भागाकार येत नाही. एक मुलगा सकाळी वडिलांबरोबर भाजीच्या गाड्यावर असतो. ७० चा एक चतुर्थांश वहीत कोरा. मी विचारलं, ७० रुपये किलोच्या गवारीचे पावशेर किती? "साडेसतरा. पण गिऱ्हाइकाला अठरा." कसं काढलं? "अर्ध्याचे पस्तीस, त्याचे अर्धे." मग आम्ही आठवडाभर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांतच होतो. पर्यवेक्षक दोनदा डोकावून गेले. पाऊण म्हणजे अर्धा अधिक पाव, हे पोरांना मी सांगायची गरजच नव्हती.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण सोमवारी एक तृतीयांश आला आणि गाडं अडलं. "सर, असं कोण मागतं?" खरंच कुणी मागत नाही. अर्ध्याचं अर्धं करून तिसरा हिस्सा येत नाही. शेवटी चपाती, कागदाची पट्टी, सगळं करून झालं. अजून पुरतं जमलेलं नाही. बाजाराचं गणित वर्गात आणलं की सगळं सुटतं, असं प्रशिक्षणात ऐकलं होतं. सुटतं ते अर्ध्या-पावाचं.

निवृत्त कंपासपेटी

@पावशेर, आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ होती. तुमचं वाचून आत्ता लक्षात आलं, त्यातही तिसऱ्या हिश्श्याचा पाढा नव्हता.

ऑफ तासवाला

माझं पहिलं वर्ष म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास. आयत्या वेळी आठवीवर सोडलं, हातात पुस्तक नाही. गणिती द. रा. कापरेकरांवर निभावलं. ते फर्ग्युसनचे पदवीधर, पुढे देवळालीला शाळेत मास्तर. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा, शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. मी म्हटलं, आपापलं जन्मवर्ष घ्या. वर्गात २०११ आणि २०१२ अशी दोनच. २०१२ वाले तीन पायऱ्यांत ६१७४ ला पोचले, २०११ वाले चौथ्या पायरीला. त्यावरून भांडण! मग घरच्या सगळ्यांची जन्मवर्षं आली. एका इरसालाने ११११ घेतलं आणि पहिल्याच फटक्यात शून्य काढून दाखवलं. त्याला वाटलं, कापरेकरांना हरवलं. सगळे अंक सारखे चालत नाहीत हे मी आधी सांगायला विसरलो होतो. त्याने ते स्वतः शोधलं, हे बरंच.

तासिका तत्त्वावर

दहावी. 'सर, हे क्लासमध्ये झालंय', एवढ्या चार शब्दांत माझं वर्ष आलं. बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०, पोरांना याच्या पलीकडचं ऐकायचं नसतं. एकाने दोन समीकरणांचं उदाहरण क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक मांडून दोन मिनिटांत सोडवलं. पेनाची किंमत उणे चार रुपये. मी विचारलं, दुकानदार पेन देऊन वर पैसेही देतो का? तो म्हणाला, "सर, पद्धतीचे मार्क तर मिळतील ना?" मिळतील, हे मला माहीत होतं.

हातचा एक

सगळ्यांचं वाचलं. कंपासपेटी बाई, काल त्रिकोण उलटा काढून पाहिला. तिघांनी मान वाकडी केली, दोघांनी वही फिरवली.

टाचण वहीत 'शैक्षणिक साधने'च्या पुढे मी स्वतःच एक रकाना आखलाय : 'मुलं काय म्हणाली'. पहिल्याच ओळीत कँटीनची उधारी लिहिली. शनिवारी वही तपासून आली. लाल शाईत शेरा आहे, 'रकाना नमुन्यात नाही'. खाली सही.